वृद्धांच्या सांभाळाची जबाबदारी
वार्धक्यामुळे स्वतःचा चरितार्थ किंवा दैनंदिन व्यवहार एकट्याने पार पाडू न शकणाऱ्या व्यक्तीला आधार देण्याचे नैतिक, कायदेशीर व आर्थिक कर्तव्य. ते अपत्यांचे, समाजाचे की शासनाचे, हा वाद जुना आहे आणि त्यात निर्वाह व शुश्रूषा या दोन भिन्न गोष्टींची वारंवार गल्लत होते. अन्न, निवारा व औषधे पैशाने मिळवता येतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंघोळ घालणे, त्याची कूस बदलणे किंवा स्मृतिभ्रंश झालेल्याकडे रात्रभर लक्ष ठेवणे यांसाठी मात्र दुसऱ्या कोणाची तरी झोप, नोकरी आणि प्रकृती खर्ची पडते.

अपत्यांवर सक्ती करणारे कायदे मुख्यतः निर्वाहाचा विचार करतात. इंग्लंडमध्ये १६०१ च्या दरिद्री-साहाय्य कायद्याने ऐपतदार मुलांवर निर्धन आईवडिलांच्या पोषणाचा भार टाकला होता. ही तरतूद १९४८ मध्ये संपुष्टात आली. सिंगापूरच्या १९९५ च्या आणि भारताच्या २००७ च्या कायद्यांनुसार आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे दाद मागून मुलांकडून निर्वाहखर्च मिळवता येतो. टाकून दिलेल्या वृद्धांसाठी असे कायदे हवेतच, परंतु न्यायाधिकरणाचा आदेश पैसे मिळवून देतो, शुश्रूषा करणारे हात नव्हे.

शुश्रूषेचा खर्च सर्वांनी मिळून उचलावा, या विचारातून नेदरलँड्सने १९६८ मध्ये, जर्मनीने १९९५ मध्ये व जपानने २००० मध्ये सक्तीच्या विम्याची व्यवस्था सुरू केली. जर्मन पद्धतीत व्यावसायिक सेवेऐवजी रोख रक्कम घेऊन घरच्यांकडून शुश्रूषा करून घेता येते, आणि पात्र ठरणाऱ्या घरच्या शुश्रूषकाच्या निवृत्तिवेतनासाठी विमा निधीतून वर्गणी भरली जाते. जपानने चाळिशीपासून पुढच्या सर्वांना विमा बंधनकारक केला, पण लाभ रोख न देता सेवेच्या रूपातच ठेवला. कारण पैसे घरात आले की सगळे काम पुन्हा सुनेच्याच गळ्यात पडेल, असा आक्षेप तेथील स्त्रियांच्या संघटनांनी घेतला होता. हा आक्षेप कोणत्याही देशाने गांभीर्याने घ्यावा असा आहे. ‘कुटुंबाने सांभाळावे’ असे म्हटले जाते तेव्हा प्रत्यक्षात बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून सांभाळत असते, आणि मिळकत सोडून केलेल्या या कामामुळे तिचे स्वतःचे म्हातारपण अधिक असुरक्षित होते. म्हणून खर्चाचा व अंगमेहनतीचा मोठा वाटा सार्वजनिक व्यवस्थेने उचलावा आणि कुटुंबाकडे सोबत, देखरेख व आपुलकी राहावी, ही विभागणी अधिक न्याय्य ठरते. जर्मनीने २०२० पासून वार्षिक १,००,००० युरोंपर्यंत उत्पन्न असलेल्या अपत्यांकडून आईवडिलांच्या शुश्रूषेचा सरकारी खर्च वसूल करणे थांबवले, ते याच दिशेचे पाऊल होते.

या वादात खुद्द वृद्धांचे मत क्वचितच विचारले जाते. कित्येकांना मुलांवर भार होण्यापेक्षा परक्या पण प्रशिक्षित व्यक्तीची मदत बरी वाटते; काहींना परक्याचा स्पर्शही नको असतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये स्वीकारलेल्या तत्त्वांनुसार शुश्रूषागृहात राहणाऱ्या वृद्धांनाही आपल्या शुश्रूषेविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आहे.