उत्तर आधीच तयार असतं

‘चहा घेणार ना?’ ‘अर्धाच.’ या दोन वाक्यांमध्ये किती वेळ जातो? आपण म्हणू, काहीच नाही. २००९ मध्ये तान्या स्टिव्हर्स, स्टीफन लेव्हिन्सन हे भाषेचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा भाषांमधल्या खऱ्याखुऱ्या गप्पा रेकॉर्ड करून, हो-नाही प्रकारच्या प्रश्नानंतर उत्तर किती वेळात येतं ते मोजलं. सरासरी निघाली सुमारे ०.२ सेकंद. सगळ्यांत झटपट जपानी, सगळ्यांत सावकाश डॅनिश, पण दोन्हींतला फरक अर्ध्या सेकंदाच्या आत. (मराठी त्या यादीत नव्हती. असती तर ‘पुणं आणि नागपूर वेगवेगळं मोजा’ असा आग्रह नक्की झाला असता.)

गंमत पुढेच आहे. मांजराचं चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारलं, तर ‘मांजर’ हा एकच शब्द तोंडातून निघायला साधारण ०.६ सेकंद लागतात. शब्द आठवायचा, त्याचे ध्वनी जुळवायचे, मग जीभ-ओठ हलवायचे. अख्ख्या वाक्याला याहून जास्त वेळ. म्हणजे समोरच्याचं बोलणं संपल्यावर विचार सुरू केला, तर ०.२ सेकंदात उत्तर येणं शक्यच नाही. तो बोलत असतानाच त्याचं वाक्य कुठे संपणार हे आपण ताडतो, उत्तर जुळवून ठेवतो, आणि त्याचा सूर बदलला, शेवटचा शब्द जरा लांबला की बोलायला लागतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, तरी ‘तू उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला...’ एवढं ऐकेपर्यंत ‘हो, सातच्या’ ओठांवर आलेलं असतं.

म्हणूनच उशीर लगेच खटकतो. ‘पाच हजार उसने देशील?’ यावर समोरचा सेकंदभर गप्प राहिला की काय ते कळतंच. नकार होकारापेक्षा उशिरा येतो, हे त्या मोजणीतही दिसलं होतं.

व्हिडिओ कॉलवर नेमका हाच हिशेब चुकतो. आवाज उशिरा पोहोचतो, दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम ‘बोल, तू बोल’ म्हणून थांबतात. जर्मनीतल्या एका अभ्यासात तर असं दिसलं की, नेटमुळे झालेल्या उशिराचं खापर लोक समोरच्या माणसावर फोडतात. त्याचं आपल्याकडे लक्षच नाही, असं त्यांना वाटतं. उपग्रहावरून जाणाऱ्या कॉलचं दुखणंही हेच होतं. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी थांबल्यासारखा दिसणारा उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जातो, उत्तर परत येईपर्यंत आणखी पाव. समुद्राखालच्या केबलनं मुंबई-लंडन अंतर त्याच्या कितीतरी कमी वेळात कापलं जातं.