अक्षर मोठं केलं की कडेला पायऱ्या का दिसतात?

लेबल प्रिंटर घेऊन गेलेले ग्राहक हमखास विचारतात: बारीक मजकूर छान उमटतो, मग तोच मोठा केला की तिरक्या रेघा पायऱ्यापायऱ्यांच्या का होतात? प्रिंटर बिघडलेला नसतो. मेमरीत अक्षर जसं ठेवलंय, तसंच ते मोठं होतं.

प्रिंटरमधलं अक्षर म्हणजे ठिपक्यांची जाळी. ८ रुंद आणि १६ उंच जाळी घेतली तर एका ओळीला ८ ठिपके, म्हणजे नेमका एक बाइट. अक्षराला १६ बाइट, २५६ अक्षरांच्या संचाला ४ केबी. शून्याच्या वरच्या कडेची ओळ ००११११०० अशी असते. १ म्हणजे काळा ठिपका.

दुप्पट करायला सांगितलं की प्रिंटर प्रत्येक अंक दोनदा घेतो, ००००११११११११००००, आणि ती ओळही दोनदा छापतो. नवीन माहिती शून्य! एका ठिपक्याची पायरी दोन ठिपक्यांची होते, एवढंच. दीडपट तर करूच नका. तिथे एकाआड एक ठिपकाच दुप्पट होतो, त्यामुळे एका शब्दातला एक काना जाड आणि शेजारचा बारीक येतो.

काही प्रिंटरांत ‘स्मूदिंग’ असतं. दोन काळे ठिपके फक्त कोपऱ्याने टेकलेले दिसले की मधल्या खाचेत छोटे ठिपके भरले जातात. आकड्यांना ते शोभतं. देवनागरीत मात्र ‘म’ची गाठ बुजण्याची भीती असते, म्हणून आम्ही ते बंद ठेवून देतो.

मोठ्या अक्षरांसाठी आउटलाइन फॉन्ट वापरा. त्यात ठिपके साठवलेले नसतात. अक्षराची कड वक्ररेषांच्या बिंदूंनी ठेवलेली असते आणि हव्या त्या मापाला ठिपके नव्याने काढले जातात. मग तोच सगळीकडे का नको? बारीक मापाला रेघेची कड दोन ठिपक्यांच्या मधोमध पडते, आणि ती कुठे सरकवायची हे फॉन्ट बनवणाऱ्याने नीट सांगून ठेवलेलं नसेल तर अक्षर फाटकं दिसतं. तिथे हाताने बसवलेली जाळीच सरस.

प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे इंचाला २०३ ठिपक्यांचा असेल, तर मिलिमीटरला ८ ठिपके पडतात. ३ मिमी उंचीला २४ ओळी. ‘मूर्ती’ लिहून पाहा: खाली ऊकार, वर वेलांटी आणि रफार. आमच्या संचात वरच्या चिन्हांना ६, मुख्य अक्षराला १२ आणि खालच्यांना ६ ओळी आहेत. त्या १२ ओळींत ‘म’च्या गाठीतली पोकळी जेमतेम एका ठिपक्याची उरते. म्हणून ३ मिमीपेक्षा बारीक देवनागरी मजकूर आम्ही सुचवत नाही.

एवढं करूनही गाठी काळ्याच येत असतील, तर फॉन्ट बदलण्याआधी प्रिंटरचा डार्कनेस, म्हणजे ठिपका उमटवणाऱ्या उष्णतेचं सेटिंग, एक-दोन पायऱ्यांनी कमी करून पाहा. उष्णता जास्त झाली की ठिपका पसरतो आणि शेजारची रिकामी जागा गिळतो.