दोन व्हॉल्व्हचा बिगुल आणि पळत्या रांगा

अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर ५ यार्डांवर एक पांढरी रेघ असते. दोन रेघांमधलं अंतर ड्रम कोरचा, म्हणजे ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि ढोल वाजवत मैदानावर आकृत्या रचणाऱ्या अमेरिकन पथकाचा, वादक बरोबर ८ पावलांत कापतो. म्हणजे एक पाऊल २२.५ इंचांचं, साधारण ५७ सेंटिमीटर. ओठांना ट्रंपेट, मान ताठ, खाली बघायचं नाही. टाच आधी टेकवून पाऊल पंजापर्यंत असं अलगद लोळवायचं की कमरेवरचं अंग हलता कामा नये. अंग हललं तर ओठावरचं माउथपीस हलतं, आणि स्वर लगेच थरथरतो. असे शंभरावर वादक एकमेकांच्या ओळी भेदत जातात, आणि उंचावर बसलेल्या प्रेक्षकाला तेवढं एक मोठं चक्र फिरताना दिसतं.

ड्रम कोरची स्तुती करणारे बहुतेक जण दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतात. एक ब्रासचा छातीवर आदळणारा आवाज आणि दुसरी नजरेला चकवणाऱ्या चाली. मला त्या वेगळ्या काढताच येत नाहीत. दोन्हींचं मूळ लष्करी संचलनात आहे, आणि दोन्हींच्या बेड्या जवळपास एकाच काळात, एकेक करून तुटल्या.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी, म्हणजे अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू (व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स) यांनी, गावोगावच्या मुलांची बिगुल-ढोल पथकं उभी केली. वाद्य सैन्यातलं, पाश्चात्य ‘जी’ (G) स्वरातला बिगुल. आपल्याकडे शाळेच्या नाहीतर पोलिसांच्या परेडला बिगुल ऐकलेल्यांना त्याची मर्यादा ठाऊक आहे. व्हॉल्व्ह, म्हणजे नळीची लांबी बदलणारी कळ, नसलेल्या नळीतून नैसर्गिक स्वरमालिकेतले मोजकेच स्वर निघतात: षड्ज, पंचम, वरचा षड्ज, त्यावरचा गंधार, पुन्हा पंचम. मध्यम नाही, धैवत नाही. एवढ्यावर सलामी वाजते, गाणं वाजत नाही. मग आधी एक आडवा पिस्टन व्हॉल्व्ह आला, पुढे जोडीला फिरणारा रोटर व्हॉल्व्ह आला. मधल्या दशकांतल्या पथकांनी या अर्धवट वाद्यांवर जे वाजवून दाखवलं, त्याचं कौतुक आज फार कमी होतं. कुठला स्वर कोणाच्या हाती द्यायचा, हे अरेंजरला, म्हणजे संगीत वाद्यांमध्ये वाटून देणाऱ्याला, कोडं सोडवल्यासारखं मांडावं लागे.

परीक्षणही लष्करी थाटाचं होतं. गणवेशाची तपासणी व्हायची, राष्ट्रध्वजाचा मान राखणारा भाग सक्तीचा असायचा, आणि गुण मिळवायचे नसून गमवायचे असत. परीक्षक मैदानात वादकांच्या मधून फिरत. एखादं पाऊल चुकलं, एखादा स्वर फाटला की कागदावर एक खूण, आणि ०.१ गुण वजा. तिला ‘टिक’ म्हणत. ज्या पद्धतीत प्रत्येक धोका पत्करण्याची किंमत ठरलेली असते, तिथे सरळ रांग सोडून जायला कोण तयार होणार? तरीही प्रयत्न झाले. वायोमिंगमधल्या कॅस्परच्या ट्रूपर्सनी आपली ‘सनबर्स्ट’, म्हणजे सूर्याच्या किरणांसारखी उलगडत जाणारी रचना, याच शिस्तीतून घडवली. जुनी मंडळी अजून तिची आठवण काढतात.

नियम आपल्या हाती नाहीत आणि मानधनही तुटपुंजं, या चिडीतून पथकं एकत्र आली. ट्रूपर्सचे जिम जोन्स आणि शिकागोच्या कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन यांच्या पुढाकाराने ड्रम कोर्स इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, उभी राहिली. पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि ॲनाहाइम किंग्जमेननी ती जिंकली. मग कुलुपं उघडत गेली. १९७७ मध्ये दोन व्हॉल्व्हना परवानगी मिळाली. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात टिक मोडीत निघाली. १९९० मध्ये तिसरा व्हॉल्व्ह आला आणि बिगुलाला अखेर सगळे स्वर मिळाले. २००० पासून जी स्वराची सक्तीही संपली.

या सगळ्यात एका माणसापाशी थांबायलाच हवं. जॉर्ज झिंगाली हा ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या चाली, रचणारा, मॅसॅच्युसेट्समधल्या ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्सकडून आलेला. तोवर मैदानाची रचना मधोमधच्या ५० यार्डांच्या रेघेभोवती आरशासारखी असे. डावीकडे जे, तेच उजवीकडे. झिंगालीने न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्ससाठी हा आरसाच काढून टाकला. वळणाच्या, एका अंगाला झुकणाऱ्या आकृत्या तो रचू लागला. १९८३ मधली त्याची ‘झेड-पुल’ आजही ओळखली जाते. झेड अक्षरासारखी दुमडलेली ओळ ताणली जाते, वाकते, आणि वादक वाजवतच असतात. त्या वर्षी कॅडेट्स जिंकले. डीसीआयचं अजिंक्यपद पूर्वेकडच्या पथकाकडे पहिल्यांदाच गेलं. पुढची दोन वर्षंही तेच जिंकले.

वेगाने धावताना वाजवणं का अवघड, ते एका हिशोबातून कळतं. मैदानाची खोली ५३ यार्डांच्या आसपास, म्हणजे सुमारे ४९ मीटर. आवाजाला तेवढं अंतर कापायला ०.१४ सेकंद लागतात. मिनिटाला १८० मात्रांची लय असेल, तर ही जवळपास अर्धी मात्रा झाली. लांबलचक मिरवणुकीत मागच्या ताशाचा ठोका पुढच्यांना उशिरा ऐकू येतो, तोच प्रकार. मागच्या वादकाने समोरच्यांचं ऐकून वाजवलं, तर त्याचा स्वर प्रेक्षकांपर्यंत दुप्पट उशिरा पोचतो. म्हणून मागच्यांनी समोर उभं राहून लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरच्या हातांकडे बघायचं आणि पुढच्यांनी मागून येणारा ठोका कानांनी पकडायचा. कोणी पुढे आणि कोणी मागे असणार, हे दर काही मात्रांनी बदलत असतं. जुन्या पद्धतीत शेवटचा मोठा भाग आला की सगळी हॉर्नलाइन, म्हणजे ब्रास वादकांची फळी, पुढे येऊन थांबायची आणि जोरात वाजवायची. मंडळी त्याला ‘पार्क अँड बार्क’ म्हणतात. त्यातही मजा आहेच. मॅडिसन स्काउट्सनी १९८८ मध्ये ‘मालागेन्या’ वाजवून अजिंक्यपद नेलं, तेव्हा वरच्या पट्टीतल्या सोप्रानो बिगुलांनी स्टेडियम उभं केलं होतं. पण झिंगालीनंतर नुसतं थांबून वाजवणं पुरेसं राहिलं नाही.

त्याचं शिखर मला १९९१ मध्ये दिसतं. इंडियानातल्या ब्लूमिंग्टनचे उद्योजक बिल कुक यांनी १९८४ मध्ये स्टार ऑफ इंडियाना हे पथक स्थापन केलं होतं. १९९१ मध्ये त्यांनी रेस्पिगीचं रोमवरचं संगीत निवडलं, आणि ड्रिल झिंगालीचंच होतं. शेवटाकडे, ब्रास पूर्ण ताकदीने वाजत असताना, मैदानावरचा एक भव्य क्रॉस विरघळतो, ओळी एकमेकींतून पार होतात आणि दुसरा क्रॉस उभा राहतो. ‘क्रॉस टू क्रॉस’ हे नाव पुढे रूढ झालं. रेकॉर्डिंग पाहताना कुठला वादक कुठून कुठे गेला ते मला आजही नीट शोधता येत नाही. स्टार जिंकलं, आणि पुढच्याच वर्षी झिंगाली गेला.

१९९३ मध्ये त्याच पथकाने ग्रीक शोकांतिकेतल्या मेडियाच्या कथेवर बार्बर आणि बार्तोकचं संगीत घेतलं. टाळ्यांसाठी थांबे नाहीत, सवयीची चमक नाही. काही प्रेक्षक नाराज झाले. शंभरपैकी कॅडेट्सना ९७.४ आणि स्टारला ९७.३ गुण मिळाले. त्या मोसमानंतर स्टार स्पर्धेतून बाहेर पडलं आणि कॅनेडियन ब्रासबरोबर रंगमंचावर गेलं. त्यातूनच ‘ब्लास्ट!’ उभं राहिलं. ते १९९९ मध्ये लंडनला आणि २००१ मध्ये ब्रॉडवेवर पोचलं आणि त्याला टोनी पुरस्कारही मिळाला. मैदानावर झालेला सगळ्यात मोठा तोटा आणि बाहेर मिळालेला सगळ्यात मोठा मान एकाच पथकाच्या वाट्याला यावा, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पुढच्या पिढीने दोन्ही धागे वाढवले. मायकेल गेन्सच्या ड्रिलवर कॅव्हेलियर्सनी २००२ मध्ये ९९.१५ गुण घेतले. ब्लू डेव्हिल्सनी २०१४ मध्ये ९९.६५चा विक्रम केला. त्याच २०१४ मध्ये ट्रॉम्बोनसह कुठलंही ब्रास वाद्य चालेल असा नियम झाला, आणि ओहायोतल्या ब्लूकोट्सनी ‘टिल्ट’मध्ये ध्वनियंत्रणेच्या साहाय्याने अख्खा सूर वाकवून दाखवला. २०१६ मध्ये त्याच पथकाचे वादक वक्राकार उतारांवरून घसरत खाली आले आणि अजिंक्य ठरले.

ब्रासपुरतं बोलायचं तर साउथ कॅरोलायनाच्या कॅरोलायना क्राउनचं २०१३ वर्ष ऐकावं. फिलिप ग्लासच्या संगीतावरचे सुरुवातीचे ते पळते स्वर अख्खी हॉर्नलाइन एका जिभेने वाजवते. प्रत्येक स्वर जिभेच्या टोकाने तोडावा लागतो, आणि वेगात एक टोक पुरत नाही म्हणून घशाकडचा ‘क’ही जोडीला येतो: त-क-त-क. त्या वर्षी अजिंक्यपद क्राउनकडे गेलं, आणि ब्रासचं बक्षीसही. ते बक्षीस जिम ऑट यांच्या नावाचं आहे. १९७०च्या दशकात ब्लू डेव्हिल्ससाठी आणि मग स्पिरिट ऑफ अटलांटासाठी ब्रास बांधणारे ऑट १९८० मध्ये रस्ते अपघातात गेले. त्यांनी जे काही लिहिलं, ते सगळं जी स्वराच्या, दोन व्हॉल्व्हपर्यंतच पोचलेल्या बिगुलांसाठी होतं.