प्रॉम्प्टवरचे पॅकेज: टोपणनाव की नुसता संक्षेप?

इमॅक्स या मजकूर-संपादकातून कॉमन लिस्प ही प्रोग्रामिंग भाषा चालवण्यासाठी २००३ मध्ये सुरू झालेल्या स्लाइम या साधनाचा प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याच्या जागेआधीची खूण) चालू पॅकेजचे, म्हणजे प्रोग्राममधल्या नावांच्या त्या वेळच्या गटाचे, नाव दाखवतो, पण ते सहसा पूर्ण नसते.

भाषेच्या १९८४ च्या व्याख्येत लांब नावांची अडचण नव्हती, कारण ‘लिस्प’ आणि ‘यूझर’ ही मूळ पॅकेजांची नावेच आटोपशीर होती. १९९४ च्या मानकात ‘यूझर’च्या जागी ‘कॉमन-लिस्प-यूझर’ हे लांबलचक नाव आले, मात्र त्याला ‘सीएल-यूझर’ हे टोपणनावही मानकातच दिलेले होते. पुढे नावांची टक्कर टाळण्यासाठी अनेकांनी उलट्या डोमेननावाची धाटणी उचलली आणि ‘कॉम.एक्झाम्पल.पार्सर’सारखी नावे रूढ झाली.

खरा गुंता इथून सुरू होतो. टोपणनाव हे पॅकेजच्या व्याख्येत नोंदवलेले असते, त्यामुळे ते टाइप केल्यावर लिस्पला कळते. स्लाइम डॉट असलेल्या नावाचा जो शेवटचा तुकडा दाखवते तो मात्र निव्वळ दाखवण्यापुरता असतो आणि त्याची नोंद कुठेही नसते. वरच्या पॅकेजमध्ये शिरल्यावर ‘पार्सर>’ असा प्रॉम्प्ट येतो. तो पाहून कोणी ‘पार्सर’ या नावाने एखादे चिन्ह (पॅकेजमधले एखादे नाव) गाठू पाहिले, तर असे पॅकेजच नसल्याची त्रुटी पदरी पडते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, त्याच नावाचे भलतेच पॅकेज हाती लागते. ‘ऑर्ग.एक्झाम्पल.पार्सर’ हे दुसरे पॅकेज लोड केलेले असेल तर दोघांचा प्रॉम्प्ट हुबेहूब सारखा दिसतो. शेवटचा तुकडा नुसत्या अंकांचा असेल तर तो आवृत्तीक्रमांक समजून आधीचा तुकडाही सोबत घेतला जातो. एवढी काळजी वाहिलेली आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही ही सोय मुळातच चालू ठेवलेली आहे आणि लेखकाने स्वतः छोटे टोपणनाव दिलेले असले तरी डॉटचा संक्षेप त्याच्यावर मात करतो, कारण सर्वांत छोट्या टोपणनावाचा विचार त्यानंतर होतो. हा क्रम उलटा हवा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

टोपणनावांचा आग्रह धरणाऱ्यांची बाजूही निर्दोष नव्हती. मानकातील टोपणनाव संपूर्ण प्रणालीभर लागू होत असल्याने दोन ग्रंथालयांनी (तयार कोडच्या संचांनी) एकाच दोनअक्षरी नावावर हक्क सांगितला की दुसरे ग्रंथालय लोड होताना अडते. यावर उपाय म्हणून पॅकेजपुरती स्थानिक टोपणनावे आली. ती मानकात नाहीत, पण आज भाषेच्या बहुतेक प्रमुख अंमलबजावण्यांत, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रणालींत, मिळतात. प्रॉम्प्टला त्यांचा उपयोग नाही, कारण असे टोपणनाव दुसऱ्या एखाद्या पॅकेजच्या आतूनच ओळखले जाते.

दरम्यान दर फाइलला एक पॅकेज देणारी शैली पसरली. तिच्यात ‘प्रकल्प/सर्व्हर/राउटर’ अशी तिरक्या रेषेची नावे असतात. त्यांत डॉटच नसल्याने संक्षेपाचा नियम त्यांना लागत नाही, आणि टोपणनाव दिलेले नसेल तर प्रॉम्प्टवर ते अख्खे नाव उमटते.