नोंदीवरून चित्र आणि चित्रावरून चित्र

संगणकावर ‘चित्र शोधणे’ म्हटले की आज दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपून जातात. पहिलीत आपण शब्द देतो आणि त्या चित्राविषयी कोणीतरी आधी लिहून ठेवलेल्या मजकुराशी ते ताडून पाहिले जातात. दुसरीत आपण चित्रच पुढे करतो आणि यंत्र रंग, आकार व मांडणी यांच्या साम्यावरून तशीच दिसणारी चित्रे समोर ठेवते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने आपले ऐतिहासिक संग्रह संगणकावर आणणारा ‘अमेरिकन मेमरी’ हा उपक्रम १९९० मध्ये सीडी-रॉम आणि व्हिडिओडिस्कवर प्रायोगिक स्वरूपात सुरू केला आणि १९९४ पासून तो इंटरनेटवर आणला. त्यातला शोध निखळ पहिल्या प्रकारचा होता. गूगलची चित्रशोध सेवा २००१ मध्ये आली तेव्हा तीही मुख्यतः चित्राभोवतीच्या मजकुरावरच चालत असे. चित्र देऊन शोधण्याची सोय तिने २०११ मध्ये केली. त्यामुळे ग्रंथालयाची जुनी सेवा म्हणजे आजच्या शोधाचे कच्चे रूप, हा समज मला पटत नाही. दोन्हींचे काम मुळातच निराळे आहे.

डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेले एका मजूर आईचे छायाचित्र जगभर ‘मायग्रंट मदर’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या मूळ चित्रओळीत (चित्राची माहिती देणाऱ्या ओळीत) मात्र हे शब्द नाहीत. तिथे वाटाणा तोडणारे निराधार मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस आणि गावाचे नाव, एवढेच आहे. त्या बाई म्हणजे फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे लोकांना कळले थेट १९७८ मध्ये. तालिकाकाराने, म्हणजे ग्रंथालयात नोंदी करणाऱ्याने, रूढ नाव नोंदीत जोडले, तरच शब्दशोधाला ते चित्र गवसते. चित्रावरून शोधणाऱ्याला ही अडचण येत नाही; वर्तमानपत्रातले कात्रण दिले तरी काम भागते. पण त्याची अडचण दुसरीच आहे. मूळ निगेटिव्हच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर टेकलेला एक अंगठा दिसत होता आणि १९३९ मध्ये तो पुसट करण्यात आला. साम्य मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी अंगठा असलेली प्रत आणि नसलेली प्रत जवळजवळ एकच. त्यांतली आधीची कोणती आणि बदल कधी झाला, हे नोंदच सांगते.

नोंदच नसेल तर? लँग यांचे हे छायाचित्र महामंदीच्या काळातील ज्या सरकारी छायाचित्रसंग्रहात आहे, त्यात दीड लाखाहून अधिक निगेटिव्ह आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना ओळच लिहिलेली नाही. यावर ग्रंथालयाने काढलेला तोडगा मला ‘अमेरिकन मेमरी’च्या काळाचा सर्वांत मोलाचा वारसा वाटतो. निगेटिव्हच्या क्रमांकानुसार शेजारच्या नोंदी चाळण्याची सोय त्यांनी दिली. छायाचित्रकाराने एकाच फेरीत टिपलेली दृश्ये बहुधा लागोपाठच्या क्रमांकांवर येतात, म्हणून मुक्या चित्राचा ठावठिकाणा शेजाऱ्याच्या ओळीवरून बांधता येतो आणि तो केवळ अंदाज आहे, हेही शीर्षकात ‘संभाव्य संबंध’ असे म्हणून स्पष्ट केलेले असते. इथे जुळवणी शब्दांचीही नाही आणि दिसण्याचीही नाही.

याच ग्रंथालयाच्या ‘न्यूजपेपर नॅव्हिगेटर’ या शोधसाधनाने २०२० मध्ये १९०० ते १९६३ या काळातील वर्तमानपत्रांतली पंधरा लाखांहून अधिक छायाचित्रे शोधासाठी खुली केली. तिथे आधी यंत्राने वाचलेल्या चित्रओळींतून शब्दाने शोधता येते आणि मग निवडक चित्रे दाखवून ‘अशीच आणखी दे’ असे यंत्राला शिकवता येते. एवढ्या राशीतल्या प्रत्येक चित्राची नोंद हाताने करणे शक्यच नव्हते, तेव्हा दोन्ही पद्धती एकत्र नांदल्या हे रास्तच झाले.

तरीही महामंदीच्या काळातील त्या जुन्या छायाचित्रसंग्रहातली एक गोष्ट साम्यशोधाला चकवू शकते. ती छायाचित्रे काढवून घेणाऱ्या सरकारी प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना भोक पाडत असत आणि त्यामुळे छापील प्रतीवर काळे वर्तुळ उमटते. नुसत्या दिसण्यावरून जुळवणारे यंत्र शेतकरी, दुकान आणि कुत्रा एकाच ढिगात घालील, कारण तिघांच्याही मधोमध तेच काळे वर्तुळ आहे.