आभासी रोबॉटचे नियंत्रण

संगणकात उभारलेल्या कृत्रिम जगातला रोबॉट स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने चालवण्याची पद्धत. हे जग चालवणारे सॉफ्टवेअर म्हणजे सिम्युलेटर आणि रोबॉटचे निर्णय घेणारा प्रोग्रॅम म्हणजे कंट्रोलर. वजन, घर्षण, टक्कर यांचे गणित सिम्युलेटर सांभाळतो. कंट्रोलरला मिळतात ते फक्त सेन्सरचे आकडे आणि त्यावरून तो मोटरना आज्ञा देतो. रोबॉट नेमका कुठे उभा आहे हे सिम्युलेटरला सतत ठाऊक असते आणि ते थेट विचारण्याची सोयही अनेकदा असते. ती चाचणीपुरतीच वापरावी. तिच्यावर विसंबलेला कंट्रोलर खऱ्या रोबॉटवर चढवला की आंधळा होतो.

कंट्रोलरचा गाभा म्हणजे एक लूप, पुन्हापुन्हा चालणारे आवर्तन: सेन्सर वाचा, निर्णय घ्या, चाकांना वेग द्या, मग सिम्युलेटरला काही मिलिसेकंद पुढे जाऊ द्या. वेबॉट्स या सिम्युलेटरमध्ये ही शेवटची पायरी राहिली, तर आभासी घड्याळ जागीच अडते.

ई-पक हा दोन चाकांचा छोटा रोबॉट घ्या. त्याच्या भोवती आठ इन्फ्रारेड सेन्सर असतात आणि अडथळा जवळ आला की त्यांचे आकडे वाढतात. उजवीकडचा आकडा वाढला की डावे चाक उलटे फिरवायचे, म्हणजे रोबॉट डावीकडे वळतो; डाव्या बाजूला याच्या उलट. मोकळ्या खोलीत हे दोन नियम छान चालतात. कोपऱ्यात मात्र रोबॉट डावीकडे वळतो, तिथे भिंत दिसते, उजवीकडे वळतो, तिथेही भिंत, आणि तो तिथेच डुलत राहतो. एकदा वळायला लागल्यावर समोरची वाट मोकळी होईपर्यंत दिशा बदलायची नाही, एवढे लक्षात ठेवणारे एक व्हेरिएबल घातले की तो सुटतो. रोबॉटला स्मृती का लागते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

रिचर्ड पॅटिस यांनी १९८१ मध्ये मांडलेला ‘कॅरेल’ हा आभासी रोबॉट चौकटींच्या जाळीवर फिरे. प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठीच तो होता. वेबॉट्सचे काम १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सुरू झाले (२०१८ पासून ते मुक्तस्रोत आहे), तर गझीबो या दुसऱ्या सिम्युलेटरचे २००२ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने गझीबोवरच स्पर्धा घेतली. ॲटलास या माणसासारख्या रोबॉटच्या आभासी रूपाला गाडी चालवणे, खडबडीत जमिनीवर चालणे, नळी जोडणे ही कामे करायची होती आणि वरच्या क्रमांकाच्या संघांना पुढील फेरीसाठी खरा ॲटलास वापरायला मिळाला.

सिम्युलेटरमध्ये जमलेले प्रत्यक्षात जमेलच असे नाही. आभासी चाके तंतोतंत सारखी, म्हणून रोबॉट कितीही अंतर सरळ जातो. खरी चाके घसरतात, सेन्सरचे आकडे थरथरतात. त्यामुळे सिम्युलेटरमध्ये मुद्दाम गोंगाट, म्हणजे आकड्यांत यादृच्छिक चढउतार, मिसळतात. निक जाकोबी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये खेपेरा या छोट्या रोबॉटवर दाखवले, की हा गोंगाट वास्तवाइतकाच हवा: फार कमी असला तरी रोबॉट प्रत्यक्षात वेगळा वागतो आणि फार जास्त असला तरीही. हल्ली दर फेरीला घर्षण, वजन, प्रकाश थोडेथोडे बदलूनही कंट्रोलर तपासतात.