निसर्गचिठ्ठी (ग्रामीण विदर्भ)

निसर्गचिठ्ठी : मुलाने घराबाहेर, मोकळ्या जागेत किती वेळ, कुठे आणि काय करत घालवायचा, हे डॉक्टरने औषधासारखेच कागदावर लिहून देण्याची पद्धत. ‘पोराला जरा बाहेर खेळू द्या’ हा सल्ला जुनाच आहे. चिठ्ठीत जागा, वेळ आणि मात्रा ठरलेली असते आणि पुढच्या भेटीत तिची विचारपूस होते.

न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून डॉक्टर व्यायामाची ‘ग्रीन प्रिस्क्रिप्शन’ देत आले. अमेरिकेत वॉशिंग्टनचे बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट झार यांनी मुलांना जवळचे उद्यान लिहून देण्याची पद्धत रुजवली आणि २०१७ मध्ये त्यासाठी ‘पार्क आरएक्स अमेरिका’ ही संस्था काढली. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर २०१८ मध्ये आणि कॅनडात २०२० मध्ये असेच उपक्रम सुरू झाले. कॅनडातील सल्ला आठवड्याला दोन तासांचा असून एका वेळी निदान वीस मिनिटे बाहेर राहावे, असे त्यात सांगतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सुचवते. ती मात्र घरातही होऊ शकते.

फायद्यांचे सगळे दावे सारख्याच वजनाचे नाहीत. सर्वांत भक्कम पुरावा डोळ्यांबाबत आहे. चीनमधील ग्वांगझू येथे काही शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा जादा तास ठेवला गेला. तीन वर्षांनंतर त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी (दूरचे धूसर दिसणे) आली होती. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरच्या उजेडात डोळ्याच्या पडद्यावर डोपामिन हे रसायन अधिक स्रवते आणि नेत्रगोल लांबट होण्याचा वेग मंदावतो, असे मानले जाते. वर्गातला उजेड काहीशे लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचे माप). निंबाच्या सावलीतही तो सहज हजाराच्या वर असतो. म्हणजे चष्मा टाळण्यासाठी उन्हात तापायची गरज नाही, ही विदर्भासाठी फार मोलाची गोष्ट. ड जीवनसत्त्वाला मात्र सावली पुरत नाही. त्याला कातडीवर थेट ऊन लागते. वजन घटण्याचा पुरावा कच्चा आहे. अमेरिकेतील ओकलंड येथील चाचणीत गरीब कुटुंबांतील पालकांचा ताण उद्यानात जाण्याने कमी झाला. पण दवाखान्याने सोबत नेलेले आणि नुसती चिठ्ठी मिळालेले, या दोन गटांत फरक दिसला नाही.

खेड्यात अशी चिठ्ठी कशाला, असा प्रश्न कुणीही विचारेल. उद्यान नसले तरी मोकळी जागा आहेच: जिल्हा परिषद शाळेचे मैदान, वऱ्हाडातली ई-क्लास (गावच्या चराईची सरकारी) जमीन, गुरे जमतात तो आखर, पूर्वेकडच्या जिल्ह्यांत मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ. उणीव आहे ती सुरक्षित वेळेची. ‘मोबाईल देल्याशिवाय पोट्टं जेवतच नाही’ ही तक्रार आता खेड्यातही ऐकू येते आणि तिच्यामागे उन्हाळा हे मोठे कारण आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. विदर्भातल्या शाळाही त्यामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. कॅनडाची चिठ्ठी इथे जशीच्या तशी उतरवली तर पोराला ऊन लागेल. मार्च ते जून सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, तर डिसेंबरात सकाळी दहाचे कोवळे ऊन, अशी ऋतूप्रमाणे बदलणारी वेळ चिठ्ठीत हवी. पावसाळ्यात वीज कडाडली की झाडाखाली थांबायचे नाही, हेही तिच्यात यावे.

दुसरा घोळ कामाचा. कापूस वेचणारे, गुरे राखणारे मूल दिवसभर बाहेरच असते. त्याला ‘बाहेर जा’ म्हणणे ही थट्टा ठरेल. त्याला लिहून द्यायचा तो खेळ आणि विसावा. विटीदांडू, लगोरी, डाबडुबली, आट्यापाट्या यांसाठी पैसा लागत नाही, सवंगडी लागतात. फवारणीच्या दिवसांत कपाशीचे शेत ही खेळायची जागा नव्हेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत ‘निसर्गात जा’ या सल्ल्यापुढे वाघ उभा असतो. तिथे जागा गावठाणातलीच हवी, सांजवेळी जंगलकडेची नको. अनवाणी खेळण्यातून अंकुशकृमी शिरतो आणि रक्त कमी होते, म्हणून चप्पल आणि जंताची गोळी चिठ्ठीतच लिहिलेली बरी.

मेळघाटातील धारणी, चिखलदरा तालुक्यांत कुपोषित मुलाला आधी आहार आणि उपचार. तरी खेळ तिथेही वगळलेला नाही: तीव्र कुपोषणाच्या उपचारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा पायऱ्यांत मुलाला खेळवणे, त्याच्याशी बोलणे, त्याला माया देणे ही एक पायरी आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात बराच आढळतो. अशा मुलाला खेळ बंद करू नये. पण पाणी कमी पडणे, अतिश्रम, कडक ऊन किंवा गार पाण्यात डुंबणे यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याच्या चिठ्ठीत दर थोड्या वेळाने पाणी आणि सावलीत बसणे हे वेगळे लिहावे लागते.

मुली वयात आल्या की मैदानावरून दिसेनाशा होतात; पाणी, स्वयंपाक, धाकटे भावंड त्यांच्या वाट्याला येते. आईने मुलीसाठी मागितलेला अर्धा तास घरात मिळत नाही, तो डॉक्टरच्या सहीने मिळण्याची शक्यता जास्त. या एका कारणासाठीही चिठ्ठी कागदावर हवी, तोंडी नको.

या भागाला बाहेरच्या शिक्षणाची परंपरा नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली. अर्थात नई तालीमचा भर उत्पादक कामावर होता, मोकळ्या खेळावर नव्हे. तिला निसर्गचिठ्ठीची आजी ठरवणे ओढूनताणून होईल.

चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रातला असला, तरी पाठपुरावा आशाताई आणि अंगणवाडीताईच करू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते; वजन, उंची, नजर तिथे पाहिली जाते, त्याच वेळी ‘किती दिवस खेळलास?’ हा प्रश्न विचारता येतो. गावात दोन फळ्या झाडाखाली टाकून बसायची सोय झाली आणि शाळेचे फाटक संध्याकाळी उघडे राहिले, तर चिठ्ठी पाळली जाण्याची आशा आहे. अनेक गावांत ते फाटक शाळा सुटली की कुलूपबंद होते.